नितीन शेवटचं काय बोलला

त्या दिवशी सकाळी नितीन धड जेवलाच नाई. उर्मिलाबाईनं तुरीच्या ओल्या सोल्यांची भाजी केली होती, चुलीवरची गरम भाकर वाढली होती, अन् हा एका हातानं भाकर मोडून राहिला, दुसऱ्या हातात मोबाईल.

"कोणाचा हाय?" बाईनं विचारलं.

"गौऱ्याचा."

"इतक्या सकाळीच?"

"त्याचा कम्प्युटर गेम चालू केला का फटकन बंद पडून राहिला, बाई. तो म्हणते ग्राफिक कार्ड खराब झालं, नवीन घेतो. म्हटलं थांब बे, दुकानात पोचलो का फोन करतो."

"भाजी कशी झाली?"

"हं."

झालं. हात धुतले, चप्पल घातली, अन् निघता निघता म्हणे, "दार लोटून घेजो, मांजर येते."

उर्मिलाबाई म्हणजे नितीनची मोठी बहीण. नवरा वारला तवापासून माहेरीच, सौसरले. मायबाप गेले, मंग घरात हे दोघंच. नितीनचं लग्न काही जुळलं नाई अन् पुढे पुढे त्यानं तो विषयच बंद केला. बाई बोरगावच्या अंगणवाडीत सहायिका. नितीनचं बसस्टँडच्या मागे कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान.

दुपारी बाई लेकरायची ताटं घासून राहिली होती तं दुकानाच्या बाजूच्या चहावाल्या रवींद्रचा फोन आला. "बाई, लवकर या. नितीनभाऊ खुर्चीवरून पडला. दवाखान्यात आणलं."

बोरगावच्या फाट्यावर तवा एक गाडी थांबे तं शपथ. बाई उभी राहून राहून रडाले लागली, तवा कुठं एका ऑटोवाल्यानं घेतलं. पोचली तं सगळं होऊन गेलं होतं. डॉक्टर म्हणे हृदय बंद पडलं, आणलं तवाच जीव नव्हता. अन् पलंगाच्या पायथ्याशी, नितीनचे दोन्ही पाय धरून, तो सकाळच्या फोनवाला गौरव बसलेला. रामाकोन्यावरून मोटरसायकल हाणत तिच्या पयले आला होता.

तो उठला, रडून रडून डोळे लाल. "ताई, मी फोनवरच होतो. दादा माह्यासंगच बोलून राहिला होता. बोलता बोलताच..."

तिथं उभ्या उभ्या, भाऊ समोर पडलेला असताना, बाईच्या मनात पयले आलं ते हेच, का इथंही हाच. पायाशी बसाची जागा तिची होती. शेवटचं बोलणंही याच्याचसंग झालं. तिच्या वाट्याले मांजर.

लोकं म्हणतीन, अशा टायमाले कोणाले असं सुचते का. सुचते बाप्पा. ज्याच्या घरात दोनच माणसं असतात त्याले सुचते.

नितीन कसा होता, हे सौसरात कोणालेही विचारा. कम्प्युटर घ्याचा असो, बिघडला असो, गेम टाकाचा असो, लोकं म्हणत, पयले नितीनभाऊचं मत घेऊन या. दहावीनंतर शिकला नाई. पांढुर्ण्याले एका दुकानात झाडू माराले लागला, अन् झाडता झाडता स्क्रू खोलाचा पेचकस हातात आला. पण मत इतकं पक्कं का समोर मास्तर असो का साहेब, हा मागे सरत नसे.

एक डाव एक गुरुजी आले. म्हणे, "नितीन, सगळ्यात नवीनवाला प्रोसेसर पाहिजे."

"कायले गुरुजी?"

"पेपर काढाचे असतात परीक्षेचे."

"मंग मुंगी माराले तोफ काऊन आणता? जुनाच राहू द्या. एसएसडी टाकून देतो, शर्यतीच्या बैलावानी पळते का नाई पाहा."

गुरुजी हसले, पण ऐकलं त्याइनं.

गेमचंही तसंच. पोट्टे रॅमच्या मागे लागत. हा म्हणे, "रॅम कितीही टाक, आपल्या इकडे कम्प्युटर मारते ते रुई." अन् खरंच होतं ते. जिनिंग सुरू झाली का कापसाची रुई हवेत उडे अन् कम्प्युटरच्या पंख्यात जाऊन बसे. हा डबा उघडे तं आत गादी भरल्यावानी. म्हणे, "नागपूरवाल्याले हे कळत नाई. तो सांगते सॉफ्टवेअर खराब हाय, विंडोज नवीन टाका. अरे, आतमंधी रजई होऊन राहिली, विंडोज काय करन?" त्याच्यावर त्यानंच उपाय काढला होता. नायलॉनच्या पातळ कपड्याची जाळी पंख्यावर ताणून लावाची. हवा जाते, रुई अटकते.

मोबाईलवरच्या गेमचा मात्र त्याले भारी राग. "मोबाईलवर गेम खेळणं म्हणजे चमच्यानं आंघोळ करणं," असं म्हणे.

हे सगळं बोलणं दुकानात. घरी आला का तोंडाले कुलूप. बाईले वाटे, याच्या तोंडात शब्द मोजून असतीन, गिऱ्हाईकायवर सगळे खर्चून येते. पण तसंही नव्हतं. जेवण झालं का हा आतल्या खोलीत जाऊन कानाले हेडफोन लावे, तिकडून रामाकोन्याचा गौरव लावे, अन् दोघं मिळून गेम खेळत. गौरवचं तिथं ऑनलाईन सेंटर होतं. वयानं नितीनपेक्षा बराच लहान, पण गेममंधी याचा जोडीदार. मंग काय बोलणं अन् काय हसणं! "अबे, मागून आला, मागून!" "मेलास ना बे, म्हटलं होतं ना!" बाई स्वयंपाकघरात भांडे लावता लावता ऐके. अर्धंच ऐकू ये, नितीनच्या इकडचं. तिकडचा काय म्हणते अन् हा कायले एवढा खदाखदा हसते, हे काही कळत नसे. तिच्यासंग तो असा कधी हसला, हे तिले आठवावं लागे.

तिनंही करून पाहिलं. नाई असं नाई. एका संध्याकाळी कम्प्युटर बंद पडला तं शेजारून ऐकलेलं बोलली, "काऊन नितीन, रॅम कमी पडला का?"

नितीन म्हणे, "बाई, लाईट गेली."

आणखीन एक डाव म्हणे, मले शिकव तो गेम. त्यानं बसवली खुर्चीवर. बाईनं एक बटन दाबलं तं तो गेममधला माणूस सरळ जाऊन नदीत पडला. पुन्हा दाबलं, पुन्हा नदीत. नितीनच्या कानातून गौरवचं हसणं बाहेरपर्यंत ऐकू आलं. "राहू दे बाई, तुले नाई जमत," नितीन बोलला. मायेनंच बोलला असन. पण बाई उठली ती पुन्हा त्या खुर्चीवर बसली नाई.

अन् साडीचं तं काय सांगावं. तिची एक निळी नायलॉनची साडी होती, मायनं घेतलेली. पेटीतून काढाले गेली तं पदरच गायब.

"नितीन, माह्या साडीचा पदर?"

"गौऱ्याच्या कॅबिनेटले जाळी पाहिजे होती. तू तं नेसत नव्हती ना."

"माह्या मायची साडी, अन् त्याच्या डब्याले?"

"अवं बाई, तसा कपडा आता भेटत नाई. त्याच्याकडे रुई भारी येते."

त्याच्याकडे रुई येते! बाई दोन दिवस बोलली नाई. अन् दुःख याचं का ती बोलत नाई हे नितीनच्या ध्यानातच आलं नाई.

आता इकडे रीत अशी आहे का घरात मयत झाली का भेटाले येणाऱ्या बाया पयले गळ्यात पडून रडतात, मंग बाजूले बसतात, अन् मंग हळूच विचारतात, "शेवटचं काय बोलला वं?" हे सांगावंच लागते. त्याच्यावरून ठरते का गेलेल्याचा जीव कोणात होता.

पयल्या दिवशी कलाबाई आली, घरामागची म्हातारी. तिनं विचारलं. खोलीत आठ-दहा बाया, सगळ्यायचे कान इकडे. बाईच्या तोंडावर आलं होतं, मांजर येते म्हणे. पण ते काय सांगाचं? अन् खरं सांगाचं तं मंग गौरवचं नाव घ्यावं लागे. तो बाहेर ओट्यावरच बसला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याले पाणी देत, जसा काही घरचाच.

बाई बोलून गेली, "मले म्हणे, बाई, तू जेवली का?"

एवढं ऐकलं अन् सगळ्या बाया पुन्हा रडाले लागल्या. कलाबाईनं तिचं डोकं छातीशी धरलं. "बहिणीतच जीव होता वं लेकराचा."

बाईले बरं वाटलं. खरं सांगाचं तं लय बरं वाटलं. पण बोललेला शब्द काही खोलीत बसून राहत नाई. या कानातून त्या कानात, पूर्ण वस्तीत झालं. रस्त्यात बाया थांबवून म्हणत, "तू जेवली का म्हणे ना वं? असा भाऊ भेटत नाई."

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात सगळे जमले. पांढरे कपडे, समोर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, त्याच्या खाली नितीनचा फोटो. वंदना झाली, मंग श्रद्धांजली सुरू झाली. रवींद्र माईकवर आला, चहा उकळाचा गंजही इतक्या जोरानं धरत नसन तसा माईक धरला त्यानं. म्हणे, "नितीनभाऊ शेवटच्या घटकेलेही स्वतःचा विचार करत नव्हता. शेवटचा शब्द काय, तं, बाई तू जेवली का!"

मागून कोणीतरी हुंदका दिला. उर्मिलाबाईची नजर सरळ गौरववर गेली. त्या खुर्चीपाशी काय झालं ते रवींद्रनं पडल्यावरच पाह्यलं होतं, पण फोनवर काय बोलणं चालू होतं ते एकट्या गौरवले ठाऊक होतं. अन् त्याच्या पुढे माईक आला.

बाईनं मनातच म्हटलं, आता हा सांगते, सगळ्यायसमोर सांगते.

गौरव बोलला, "दादानं मले कम्प्युटर शिकवला. मले भाऊ नाई. होता, तो गेला." अन् माईक देऊन खाली बसला. फोनचं नावही काढलं नाई.

बाईनं सुटली म्हणावं का नाई? पण तिचा तिळपापड झाला. तिले वाटलं, यानं मले भीक घातली. खरा शब्द याच्या खिशात आहे अन् हा तो दाबून बसला. मले खोटा वापरू देऊन राहिला, जशी काही त्यानं नितीनची अर्धी वाटणी मले उधार दिली. त्या दिवशी ती जेवलीच नाई.

दुसऱ्या दिवशी गौरव दुकानाची किल्ली द्याले घरी आला; नितीन गेला त्या दिवशी दुकान त्यानंच बंद केलं होतं. किल्ली देऊन दारातूनच परत जात होता.

"आत ये," बाई म्हणे. "बस."

तो स्वयंपाकघरात पाटावर बसला. बाई उभीच.

"काय बोलला तो?"

"कोण ताई?"

"भोळा नको बनू. फोनवर. शेवटचं."

गौरवनं मान खाली घातली. "राहू द्या ना ताई. तुम्ही सांगता तेच ठीक हाय."

"माह्यावर उपकार नको करू. सांग."

"कम्प्युटरचंच ताई. माहा बंद पडून राहिला होता ना गेममंधी. मी म्हटलं कार्ड घेतो. दादा म्हणे कार्ड नको घेऊ, पॉवर सप्लाय बदलव. कार्डाले जेवढी बिजली लागते तेवढी जुना सप्लाय देत नाई, म्हणून बंद पडते. म्हणे पैसे दिखाव्याच्या चीजेत घालू नको, जे बाकीच्यायले पोसते त्याच्यात घाल."

"मंग?"

"मंग मी म्हटलं, दादा, स्वस्तवाला आणू का? तं म्हणे, थांब बे. एवढंच. मले वाटलं गिऱ्हाईक आलं. मी थांबलो. हॅलो हॅलो करत राहिलो."

बाई भिंतीले टेकली. "माह्याबद्दल?"

गौरवनं वर पाह्यलं. "नाई ताई."

खोटं बोलला असता तं तिनं मानलं असतं का नाई, कोण जाणे. पण तो खोटं बोलला नाई. चुलीवरचं पाणी खळखळून राहिलं होतं, ते बाईनं उतरवलं अन् मंग त्याच्यासमोर खाली बसली.

"पयल्यापासून सांग."

"काय ताई?"

"आता सांगतलं ते. फोन उचलला तवापासून."

गौरवनं पुन्हा सांगाले सुरवात केली. "दादानं सांगतलं का आधी सप्लाय बदलवावा लागते, त्याच्यानंतर..."

"तो असा बोलत नसे," बाई मधातच बोलली. "तुह्यासंग तो बे लावून बोले. मी ऐकलं नाई का एवढे वर्षं?"

"बे लावून सांगू? तुमच्यासमोर?"

"लाव."

गौरव पाटावर सरसावून बसला. आवाज जरा जाड केला, अन् नितीन जसा शब्द तोडून तोडून बोले तसा बोलला, "अबे गौऱ्या, डोकं हाय का मटकं? घोड्याले हिऱ्याचा लगाम घेतोस, अन् चाराच देत नाई. सप्लाय बदलव बे पयले."

बाईच्या तोंडातून हसू निघालं. कसं निघालं तिलेच कळलं नाई. मंग तिनं पदर तोंडाले लावला.

"सप्लाय म्हणजे तो डबा ना, मागे वायर लागते तो?"

"हो ताई."

"अजून काय काय बोले तो? रोज रोज एवढं काय हसत तुम्ही?"

"लय आहे ताई. एका दिवसात नाई होत."

"मंग उद्या येजो," बाई उठत म्हणे. "परवाही येजो. सगळं सांगाचं. अर्धं ठेवून घ्याचं नाई."

गौरव मान हलवून उठला अन् चप्पल घालाले लागला. चहाचं मात्र बाईनं त्याले विचारलं नाई.