बंद कॅमेऱ्यातलं चित्रण

मी संशयी माणूस आहे. कुलूप लावलं की दोनदा ओढून बघतो आणि अर्ध्या वाटेवरून परत येऊन तिसऱ्यांदा. नोकरीसाठी झाशीला येऊन चार वर्षं झाली, तरी दुधात बोट बुडवून बघितल्याशिवाय पातेलं आत नेत नाही. फोनवर काढलेला व्हिडिओ कुठे कुठे जाऊन बसतो याचा मला भरवसा वाटत नाही, म्हणून ऑफिसातले हसले तरी मी छोटा कॅमकॉर्डर घेतला. आपलं चित्र आपल्या कार्डावर, कार्ड आपल्या खिशात.

बाबा पहिल्यांदाच माझ्याकडे आले होते. साताऱ्याला ते एकटेच राहतात. तिकडे शेजाऱ्यांनी गाडीत बसवून दिलं, इथे मी उतरवून घेतलं. पंच्याहत्तरी उलटलेला माणूस पुन्हा एवढ्या लांब येईल असं वाटेना. म्हणून ठरवलं, रविवारी दिवसभर त्यांना फिरवायचं, सगळं चित्रित करायचं आणि जाताना बरोबर द्यायचं. घरी निवांत बसून बघतील, चार जणांना दाखवतील. मला ते फार मनापासून करायचं होतं.

दिवसभरासाठी ऑटो ठरवली. ऑटोवाला पन्नाशीचा, बोलघेवडा. दतिया गेटच्या बाजारात मी पहिल्यांदा बटण दाबलं. दाबलं गेलं की नाही अशी शंका आली, म्हणून पुन्हा दाबलं. उन्हात त्या इवल्याशा पडद्यावर काही दिसत नव्हतं. बांगड्यांची दुकानं, हातगाड्या, पेरू नाकाशी धरून निवडणारे बाबा, सगळं अंदाजानेच घेत गेलो.

घेता घेता एक गोष्ट खटकायला लागली. ऑटोवाला बाबांना चिकटूनच होता. पायरी आली की हात धरायचा, कानाशी लागून काहीबाही सांगायचा. बाप माझा आणि लगट याची. एका टपरीवर मी चहा आणायला उतरलो, तेव्हा कॅमेरा बंद करून बाबांच्या मांडीवर ठेवला. परत आलो तर दोघं बोलता बोलता गप्प झाले. बाबांनी ग्लास घ्यायला हात पुढे केला, तो ग्लासाच्या जरा बाजूलाच. ऑटोवाल्याने चटकन माझ्याकडून ग्लास घेऊन त्यांच्या हातात दिला. त्याच्या या पुढेपुढे करण्याचा मला संताप आला.

"समथर राहू दे रे," बाबा म्हणाले. "कुठेतरी सावलीत बसू."

समथरचा किल्ला बघायची हौस सकाळपर्यंत त्यांचीच होती. नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं. लांबची फेरी चुकवायला यानेच बाबांचे कान भरले, असं मी धरून चाललो. आमचा पत्ता, मी कामावर कधी जातो, हेही काढून घेतलं नसेल कशावरून?

सावलीसाठी त्याने ऑटो लष्कराच्या छावणीकडच्या रस्त्यावर, एका झाडाखाली लावली. वाटेत थोडं चित्रण करून बंद केलेला कॅमेरा हातात घेऊन मी उतरलो आणि चार पावलं पुढे गेलो, तेवढ्यात फाटकावरचा जवान आला.

"यहाँ रिकॉर्डिंग मना है, सर."

"बंद है."

"लाल बत्ती जल रही है."

तो दिवा कॅमेऱ्याच्या पुढच्या अंगाला असतो, धरणाऱ्याला दिसत नाही. त्याने आतलं दाखवायला सांगितलं. आज संशय माझ्यावर होता, आणि त्याचं काही चुकत नव्हतं. सावलीत पडदा स्वच्छ दिसला. बाजार त्यात नव्हताच. सुरुवातीलाच दोनदा दाबल्यामुळे सगळं उलटं झालं होतं. मी चालू करायचो तेव्हा कॅमेरा बंद व्हायचा आणि बंद करायचो तेव्हा चालू. माझे बूट, धूळ, पुन्हा बूट. मग ऑटोचं छत, आणि बाबांचा बारीकसा आवाज, त्यांच्या मोडक्यातोडक्या हिंदीत.

"एक आँख तो गई. दूसरी में बस उजाला दिखता है, भैया. लेकिन उसको मत बोलना."

"बेटा है बाबूजी, बता दीजिए."

"बताया तो डॉक्टर पे शक करेगा, फिर दवाई पे, फिर मेरे पे. और ये फिलम? मैं घर जाके देखूँगा करके इतने शौक से निकाल रहा है. निकालने दो."

मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती. दोन दिवस हा माणूस माझ्या घरात भिंतीला हात लावून चालत होता आणि मी दुधात बोट बुडवत होतो.

जवान ऑटोकडे बघत नव्हता. "बस, ये सड़क वाला हटा दीजिए," तो हळू आवाजात म्हणाला. मी तेवढं पुसलं. ते पुसलं गेलं का, हे त्याने बघितलं नाही.

ऑटोवाला खाली उभा होता. मी कॅमेरा त्याच्या हातात दिला, "बाबा, जरा पाय मोकळे करू," म्हटलं आणि त्यांना दोन्ही हातांनी धरून उतरवलं. थोडं चाललो. मग बाबा थांबले. दंडावरच्या माझ्या हातावरून त्यांनी हात फिरवला, मग पाठीशी असलेला दुसरा हात चाचपला.

"कॅमेरा कुणाकडे आहे?"

"ऑटोवाल्या भैयांकडे."

बाबांनी दंडावरचा माझा हात थोपटला.

"म्हणजे कळलं तुला," ते म्हणाले.