भारतीला कोणत्या हातात

अख्ख्या सुरतेत लोकांना हाताला धरून लस टोचायला नेणारा एकच माणूस असेल, तर तो म्हणजे माझ्या नणंदेचे सासरे, आम्हा सगळ्यांचे बाबा. लिंबायतमध्ये कापडाच्या लूमवर त्यांचं आयुष्य गेलं. त्या खडखडाटात कान अर्धे गेले आणि आवाज तेवढाच चढला. भेटल्यावर ‘रामराम’ नंतर, आधी ‘टोचलं का?’ एका लग्नात त्यांनी मांडवातच नवरदेवाला धनुर्वाताच्या इंजेक्शनाबद्दल विचारलं आणि त्यानं मान डोलावल्यावरच अक्षता टाकल्या.

मी डिंडोलीत अपंग मुलांच्या शाळेत लशींची वही सांभाळते. नाव, डोस, तारीख. अठरा पूर्ण झाले की नावावर रेघ, कारण शाळा आणि दवाखान्यातला बालविभाग एकदमच सुटतो. बाबांच्या गल्लीतल्या भारतीच्या नावावरही मी अशीच रेघ मारली होती. भारती व्हीलचेअरवर असते, छाती नाजूक. मागच्या हिवाळ्यात न्यूमोनियानं दोनदा दवाखान्यात होती. बाबांनी वही पाहिली आणि म्हणाले, “तुनी यादीमाईन पोर गयी, माय. घरमाईन थोडीच गयी?”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं फ्लूच्या लशीसाठी दवाखान्यात. बालविभाग म्हणाला, मोठ्यांच्या ओपीडीत जा. तिथली सिस्टर म्हणाली, जुने कागद आणा. कागद बालविभागात. दोन फेऱ्या झाल्यावर बाबा बाकावर बसले, डबा उघडला आणि भारतीचं सगळं दुखणं मला खासगीत सांगू लागले. त्यांचं खासगी दोन मजल्यांना ऐकू जातं. रांगेतल्या बायका हळहळल्या, एक मावशी सिस्टरला म्हणाली, “बेन, पहेलां एनुं करो ने,” आधी हिचं करा. शेवटी डॉक्टर स्वतः बाहेर आले, फोन करून कागद मागवले आणि माझ्या वहीशी ताडून पाहिले.

सुई भरून झाल्यावर त्यांनी आम्हाला नाही, भारतीलाच विचारलं, कोणत्या हातात देऊ? तिला शब्द जुळवायला वेळ लागतो. बाबा तोंड उघडणार, तोच डॉक्टरांनी त्यांना थांबवलं. सगळे वाट पाहत राहिले.

“डाव्या,” ती म्हणाली.

परतताना रिक्षात मी रेघा मारलेली नावं नव्या पानावर उतरवत होते. पर्वत पाटियाच्या चौकात सिग्नल लागला, तेव्हा बाबांनी भारतीला हळूच विचारलं, “पुढला सालले तू माले संगे लयी जाशी ना?”

भारतीनं लगेच हो म्हटलं नाही, आणि या वेळी बाबांनी स्वतःहून वाट पाहिली.