चाकावरची वाटी
बिडीचा वास आला की नालवाडीतली आमची मातीकामाची शेड आठवते. नव्वदच्या दशकातली ती दुपार. देवळीचा कुंभार आमच्यासाठी माती उतरवून, बिडी पेटवून चहाला गेला आणि त्याची बायको माझा वर्ग बघत दारात थांबली. जन्मभर तिनं माती तुडवली होती, पण चाकावर कधी बसली नव्हती. "आमच्यात बाई चाकाले हात लावत नाई," ती म्हणाली. मी तिला हट्टानं बसवलं, तिचे हात धरले. वाकडीतिकडी का होईना, वाटी उठली. ती लहान पोरीसारखी हसली. तेवढ्यात बाहेरून बिडीचा वास आला. तिनं दोन्ही हातांनी वाटी दाबून पुन्हा गोळा केला. "मॅडम, ह्यायले सांगू नका." अजूनही एखादी बाई पहिल्यांदा चाकावर बसली की माझी नजर आधी दाराकडे जाते.