कन्टेन्शसची लाल चिठ्ठी

लाल शाईत 'कन्टेन्शस' असं लिहून मी ती चिठ्ठी गिरणीवाल्या बाईंच्या अर्जाला टाचली. व्हरांड्यात त्यांचे दोघे दीर एकमेकांवर असे ओरडत होते, की मला दुसरा शब्दच सुचेना.

संस्थान नुकतंच विलीन झालं होतं आणि मी पुण्याहून कोल्हापूरच्या कोर्टात क्लार्क म्हणून आलो होतो. कन्टेन्शस म्हणजे वादाचं, ज्याला कोणाची तरी हरकत आहे असं. बिनहरकतीचे अर्ज साहेब त्याच दिवशी निकालात काढत. कन्टेन्शस अर्जांना मात्र तारखांवर तारखा पडत. कुठला अर्ज कुठल्या गठ्ठ्यात जाणार हे चिठ्ठीवर ठरे, आणि चिठ्ठी लिहायचो मी. त्यामुळे माझी मान जरा ताठच असे.

बाईंचा नवरा वारला होता. पिठाची गिरणी त्याच्या नावावर. वारसदाखला मिळेपर्यंत परवाना बदलत नव्हता आणि गिरणीला कुलूप होतं. पदरात तीन पोरं, दुसरी मिळकत नाही.

दुपारी बाई माझ्या टेबलाशी आल्या.

"दिवाळीनंतरची तारीख? आडवं कोन आलंय माज्या?"

"तुमचे दीर. सकाळपासून भांडतायत."

बाईंनी दारातूनच दोघांना हाक मारली.

"गिरणी वैनीचीच," थोरला माझ्यावर गरजला. "मी पयल्या दिवशीच सांगिटलंय."

"आदी मी म्हनलंय," धाकटा म्हणाला. "दादा, तू तवा गावात तरी हुतास का?"

पुन्हा जुंपली.

"अहो, मग भांडताय कशाला?"

"भांडतंय कोन? बोलतोय की," दोघे एकदमच म्हणाले.

चूक माझीच होती. अर्ज उचलून तडक साहेबांपुढे गेलो. साहेब धारवाडचे, मोजकं बोलणारे.

"सर, स्लिप चुकली."

"हरकत कोणाची आहे?"

"कोणाचीच नाही."

"मग कन्टेन्शस कशावरून?"

"आवाजावरून, सर."

साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी दोघा दिरांना आत बोलावून हरकत विचारली. "न्हाय!" असा आवाज निघाला, की शेजारच्या कोर्टातला शिपाई धावत आला. साहेबांनी तिथल्या तिथे हुकूम लिहिला. त्याच आठवड्यात गिरणी सुरू झाली.

पुढे नोकरीत खऱ्या कन्टेन्शस केसेस रगड पाहिल्या. त्यांतले भाऊ व्हरांड्याच्या दोन टोकांना बसायचे आणि एकमेकांशी अवाक्षर बोलायचे नाहीत.