सासूची सुमली

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या अक्षरांत मावेल का — बघते.

आमची वसाहत धरणग्रस्तांची. डोंगरात घरं लांब लांब होती, एकाचं दार दुसऱ्याला दिसायचं नाही. इथं तळोद्याकडं सपाटीवर सगळी एका ओळीत, एकसारखी. त्यामुळं म्हातारी माणसं भलत्याच घरात शिरायची आणि कुणाला नवल वाटायचं नाही. नवरा गुजरातेत ऊसतोडीला गेला आणि थोड्याच दिवसांत माझी सासू शेजारच्या वेस्ताकाकाच्या चुलीपाशी जाऊन बसली. भाकरी थापल्या, वर त्यालाच झापलं, "लाकडं कोण आणणार, आळशा?" मी न्यायला गेले, तर काका — एकटाच राहणारा — म्हणाला, "ओरडते, पण भाकरी चांगली करते. राहू दे की गं."

मी हसले. पण मला कळलं होतं — ती घर चुकली नव्हती, नवरा चुकली होती; माझे सासरे तर कधीचेच गेलेले. मग गप्प का बसले?

पुढं एक नर्सबाई कागद घेऊन आली. म्हाताऱ्यांना विसर पडतो का, ते बघायचं होतं. अहिराणीत विचारी, "आजी, तुन्हं गाव कोनतं शे?" जो तो बुडालेल्या गावाचं नाव सांगे. "आज वार कोनता शे?" — "बाजाराचा दुसरा दिवस." बाईनं कपाळाला हात लावला, "आठे ते आख्खी वसाहतच भुलेल शे!" सगळे हसले, म्हातारे सगळ्यांत जास्त.

मग तिनं मला बाजूला घेतलं. "खरं सांग ताई, सासू माणसं विसरते का?" गुरुवारी तळोद्याला डॉक्टर तपासणार होते. लवकर नेलं तर गोळ्यांचा थोडा उपयोग होतो, म्हणाली.

"नाही." इतकं ठणकावून मी जन्मात बोलले नव्हते.

का? अठरा वर्षं सासूनं मला नावानं हाक मारली नाही. "ए मुकी" — बस. आणि आता मी सुमली झाले होते. सुमली तिची धाकटी बहीण, लहानपणीच गेलेली. सासू माझे केस विंचरायची, पदराच्या गाठीतले फुटाणे मला द्यायची, कानाशी लागून सांगायची, "माझी सून म्हणजे शेळी! शेळी तरी बें करते." मीही म्हणायचे, "कशी सोसतेस गं बाई?" — आणि दोघी पोट धरून हसायचो. ती बरी झाली, तर मी परत मुकी होणार — एवढंच माझ्या डोक्यात.

गुरुवार गेला. पुढचेही गेले. फोनवर नवऱ्याला म्हणत राहिले — आई बरी आहे.

पावसाच्या तोंडावर तो आला. आईनं ओळखलं नाही. "हे कधीपासून?"

"गेल्या आठवड्यापासून," मी म्हणाले.

तो तिच्यासमोर बसून रडायला लागला. ती माझ्याकडं वाकली, "सुमली, हा कोण बाप्या? जायला सांग त्याला."

आणि मला — त्याच्या बायकोला — बरं वाटलं.