स्वातंत्र्याच्या खणात करवत

माझ्या ताईचं लग्न ज्या एका माणसाच्या होकारासाठी अडलं होतं, त्या माणसाला मी आमच्या व्हॅनमध्ये कोंडून ठेवलं. मुद्दाम नव्हे. मुद्दाम केलं असतं तर इतकं पक्कं जमलं नसतं.

आमचे बाबा सुतार. (जातीनं नव्हे, कामानं. हा फरक मी शाळेत असल्यापासून लोकांना समजावत आलेय. लोक ‘बरं, बरं’ म्हणतात आणि पाटाचा पाय बसवून मिळेल का, ते विचारतात.) तेव्हा हिंजवडीत रोज एक काचेची इमारत उभी राहत होती आणि प्रत्येक इमारतीत माणसं बसवायला ढीगभर टेबलं लागत होती. ती टेबलं करता करता बाबांनी एक जुनी व्हॅन घेतली. मधलं एक सीट ठेवलं, बाकीची काढली आणि त्या जागेत हत्यारं भरली. भरली म्हणजे ओतली! रंधे, करवती, पटाशा, सगळं गोणपाटाच्या पिशव्यांत. बाबा न बघता पिशवीत हात घालत आणि हवं तेच बाहेर काढत. मला ते पाहवत नसे. मी कॉलेजात होते आणि त्या वयात मला बरंच काही पाहवत नसे.

याला माझं बालपण जबाबदार आहे. इतर मुली परीकथांवर वाढतात, मी पत्रकांवर वाढले. बाबा चळवळीतले. सभांची पत्रकं घरात गठ्ठ्यानं यायची आणि वाटून उरलेली माझ्या वह्यांना कव्हरं म्हणून लागायची. त्यामुळे माझ्या गणिताच्या वहीवर ‘जागे व्हा!’ आणि भूगोलाच्या वहीवर ‘आता नाही तर कधी?’ असं छापलेलं असे. अशा मुलीला ‘व्हॅन जरा आवर’ असं कुणी सांगू नये.

ताईनं सांगितलं.

ताई सॉफ्टवेअरमध्ये होती. तिथेच तिला नितीन भेटला. तो लोणी काळभोरच्या बागायतदार शेतकऱ्यांच्या घरातला, आम्ही बौद्ध. त्या दोघांचं सगळं ठरलं होतं. नितीनच्या वडिलांचं, म्हणजे तात्यांचं, काही केल्या ठरत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, “घर बघून येतो, मग सांगतो.” रविवारी तात्या आणि काकू मंडईत फळं घेणार आणि बाबा त्यांना तिथून व्हॅननं वारज्याला आमच्या घरी आणणार, असा बेत झाला.

“पिशव्या काढून ठेव आणि सीट पुसून घे,” ताई म्हणाली. “एवढंच. एवढंच हं!”

‘एवढंच’ हा शब्द मी कुठल्याही पत्रकात वाचलेला नव्हता.

बाबा एका शिबिराला गेले होते. व्हॅन दारात होती, प्लायवुड व्हॅनमध्ये होतं आणि मी सुताराची मुलगी. माझ्या हातून खिळा वाकडा जात नाही. विचार जातो, खिळा नाही. मी ठरवलं, हत्यारांची नुसती आवराआवर करायची नाही, त्यांची तत्त्वनिष्ठ मांडणी करायची. मोठे तीन खण केले आणि त्यांवर निळ्या रंगानं नावं घातली. जी हत्यारं कापतात, सोडवतात, मोकळं करतात, ती ‘स्वातंत्र्य’मध्ये. उदाहरणार्थ करवत. जी उंचवटे काढून सपाट करतात, ती ‘समता’मध्ये. रंधा, कानस, पॉलिश पेपर. आणि जी दोन गोष्टी जोडतात, ती ‘बंधुता’मध्ये. इतकी सुंदर विभागणी कुठल्या सुतारानं आजवर केली नव्हती. (का केली नव्हती, ते पुढे कळेल.)

अडचण फक्त हातोडीची झाली. बाबांची हातोडी एका टोकानं खिळा ठोकते आणि दुसऱ्या टोकानं तोच खिळा उपटते. हिला काय म्हणायचं? आज जोडा, उद्या मोडा! असली हत्यारं मी चळवळीत पाहिली होती. मी तिच्यासाठी सीटच्या खाली चौथा खण केला आणि त्यावर लिहिलं, ‘आत्मपरीक्षण’. तो दाराच्या बाजूला ओढून उघडायचा.

मग काम रंगत गेलं. उजव्या दाराला आतून कायमचं कपाट बसवलं. (उजव्या बाजूशी आमच्या घराचं तसंही जमत नाही.) मागच्या दारालाही कपाट लावलं. ब्रेक दाबल्यावर हत्यारं चालवणाऱ्याच्या मानेत येऊ नयेत म्हणून पुढच्या आणि मधल्या सीटमध्ये प्लायचं पार्टिशन खिळ्यांनी ठोकलं, त्यात हात जाईल एवढी खिडकी ठेवली. आणि डाव्या सरकत्या दाराला आतून हुक लावून त्यावर लांबलांब शिकंजे टांगले. शिकंजा म्हणजे दोन फळ्या चिकटेपर्यंत आवळून धरायचं लोखंडी हत्यार. एकदा धरलं की सोडायचं नाही, एवढंच त्याला कळतं.

रविवारी सकाळी बाबा शिबिराहून आले. त्यांनी दार उघडलं. एकेक खण मोठ्यानं वाचला.

“आणि माझी हातोडी?”

“आत्मपरीक्षणात.”

हजारांच्या सभेत न अडखळणारे बाबा तिथे अडखळले. “लहानपणी तुला चिमणी-कावळ्याच्या गोष्टी सांगायला हव्या होत्या,” असं म्हणून ते मंडईला निघून गेले. काही काढायला वेळच नव्हता.

मी फाटकात उभी राहिले. माझ्या खिशात चार पानी भाषण होतं. विषय, पाणी. तात्या आमच्या घरचं पाणी घ्यायला कचरले, तर तिथल्या तिथे काय बोलायचं, ते मी पाठ केलं होतं. ताईला हे माहीत नव्हतं. ती वर गॅलरीत आपल्या ओढणीचं टोक पिळत उभी होती.

व्हॅन आली. पुढे बाबांशेजारी मांडीवर फळांची पिशवी घेऊन काकू. मध्ये एकटे तात्या, पांढरी टोपी, ताठ मान, चहूबाजूंनी हत्यारं. आमच्या सोसायटीच्या फाटकात एक गतिरोधक आहे. तो कुणी घातला कुणास ठाऊक, पण उंट डोळ्यांसमोर ठेवून घातलाय. व्हॅन त्यावर चढली, उतरली आणि आतून ‘खण्ण’ असा आवाज आला.

बाबांनी उतरून डावं दार ओढलं. दार हललं नाही.

“तात्या, आत काही अडकलंय का बघा बरं.”

“लोखंडाचं कायतरी पडलंय,” आतून आवाज आला. “दाराच्या आन् शिटाच्या मधी घुसलंय. हलत न्हाई.”

शिकंजा! दार जितकं ओढावं तितका तो घट्ट बसत होता. प्रामाणिक हत्यार.

“ते दुसरं दार उघडा की.”

“तिथे कपाट आहे,” मी म्हणाले.

“मागलं?”

“तिथेही कपाट आहे.”

“फुडून येऊ?”

“पार्टिशन आहे.”

तात्यांनी आतून दारावर थाप मारली. “ही गाडी हाय का पेटी?”

“बसू द्या थोडं,” काकू खाली उतरत शांतपणे म्हणाल्या. “घरी तरी कुटं जागचं हलत्यात?”

“हातोडीचा एक टोला दिला की सुटेल,” बाबा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. मी जमिनीकडे पाहिलं. आत्मपरीक्षणाचा खण तात्यांच्याच खाली होता आणि शिकंजा नेमका त्या खणाला आडवा पडला होता. हातोडी हवी तर शिकंजा निघायला हवा, शिकंजा निघायला हवा तर हातोडी हवी!

आमच्या घरात रोजीरोटी हत्यारांवर चालते. त्या क्षणी घरातलं एकूण एक हत्यार तात्यांपाशी होतं आणि आमच्यापाशी काय होतं? आई धावत खाली आली, तेव्हा तिच्या हातात उलथणं होतं. बाबांनी ते दाराच्या फटीत घातलं. ते वाकलं. आईनं बाबांकडे पाहिलं.

मी तळमजल्यावरच्या लेलेकाकांकडे पळाले. ते दारातच होते. (आमच्याकडे काही बिघडलं की ते दारातच असतात.)

“काका, हातोडी आहे का?”

“सुताराला हातोडी हवी आहे,” लेलेकाका म्हणाले. “हेही ऐकायचं राहिलं होतं. होती हो. तुझ्या वडिलांनीच नेली मागच्या महिन्यात. व्हॅनमध्ये असेल बघ.”

होती. तीसुद्धा आत्मपरीक्षण करत होती.

एव्हाना ऊन चढलं होतं. सोसायटीतली माणसं जमली. कुणी व्हॅन तिरकी करायला सांगितलं, कुणी पुन्हा गतिरोधकावरून न्यायला. वर गॅलरीत ताईचा चेहरा बघवत नव्हता. वर्षभर समजूत घालून आणलेला माणूस तिच्या डोळ्यांदेखत डब्यात बसला होता आणि त्यानं आता ‘चला परत’ म्हटलं असतं तर ते सगळं तिथेच संपलं असतं. तो परत जाऊ शकत नव्हता, एवढीच एक जमेची बाजू.

तात्यांनी खिडकीची काच सरकत होती तेवढी सरकवली. घामानं टोपी भिजली होती. “पोरी, जरा पाणी आण.”

मी जागेवरच थांबले. भाषणाला हात घातला. ही वेळ अशी येईल, असं मी धरलंच नव्हतं.

“तात्या, आपण आमच्या घरचं पाणी मागताय, याची आपल्याला जाणीव आहे ना?”

“गप गं!” आई.

“मग काय त्या म्हाताऱ्याच्या घरचं मागू?” लेलेकाकांकडे हात करत तात्या म्हणाले. “आण लवकर!”

आईनं तांब्या आणला. तो खिडकीच्या फटीतून जाईना. मग वाटी आणली. आई वाटी भरायची, तात्या फटीतून घेऊन रिकामी करायचे, पुन्हा हात बाहेर. “गार हाय,” ते म्हणाले. “अजून द्या.” मी भाषणाची घडी घालून परत खिशात ठेवली. चांगलं झालं होतं हो ते भाषण.

पाणी पिऊन तात्यांना तरतरी आली. “काय काय हाय हितं, बघतो. हे काय लिवलंय, बंधुता? त्याच्यात काय?”

“जोडायची हत्यारं,” मी म्हणाले.

“आन् समता?”

“सपाट करायची.”

“मला भाईर यायचंय, पोरी. सपाट व्हायचं न्हाई. भाईर यायचं कशात हाय?”

मी मान खाली घालून म्हणाले, “स्वातंत्र्यात.”

खण उघडल्याचा आवाज झाला. “करवत हाय!”

“तिनं शिकंजा कापला जाणार नाही, तात्या,” बाबा म्हणाले. “लोखंड आहे ते.”

“शिकंजा कशाला? ही फुडची फळीच कापतो की!”

माझं पार्टिशन! रात्री जागून ठोकलेलं! “अहो, पण ते...” मी सुरुवात केली.

“कापा!” बाबा, आई, काकू आणि लेलेकाका एकदम म्हणाले.

“ह्यांनी जन्मात खिळा ठोकला न्हाई,” काकू मला हळूच म्हणाल्या.

ते दिसतच होतं. तात्यांनी पार्टिशनच्या खिडकीतून करवत घातली आणि ती प्लायवर अशी चालवली की शेजारच्या इमारतीतला कुत्रा रडायला लागला. बाबा पुढच्या सीटवर चढून बसले. “तात्या, करवत माझ्याकडे द्या. मी इकडून कापतो, पाच मिनिटांचं काम आहे.”

“न्हाई!” तात्या धापा टाकत ओरडले. “तुमी कशाला? म्हंजे उद्या साऱ्या गावात काय सांगू? व्याह्यांच्या दारात गेलो, आन् व्याह्यांनीच मला पेटीतनं काढला म्हणून?”

करवत थांबली. सगळेच थांबले. काकूंनी पदर तोंडाला लावला. वर गॅलरीत काहीतरी पडलं, बहुतेक कुंडी.

आपण काय बोलून गेलो, ते तात्यांच्याही लक्षात आलं असावं. मग ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, “फळी धरा तिकडनं. हलतीय.”

बाबांनी फळी धरली. “घाई करू नका, तात्या. करवतीला तिच्या चालीनं जाऊ द्या,” ते म्हणाले आणि त्यांचा आवाज मला जरा वेगळाच वाटला. एक आतून कापत होता, एक बाहेरून धरत होता. मधूनच ‘जरा तिरकी गेली’, ‘जाऊ द्या, बसंल’ असं काहीतरी चाललं होतं. मला तिथे कुणी काही विचारलं नाही.

मग फळीचा तुकडा काडकन सुटला, भोकातून आधी टोपी आली, मग भुशानं पिवळे झालेले तात्या आले, आणि स्टिअरिंगवर हात टेकून हॉर्न वाजवत ते पुढच्या दारानं उतरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“आयला, लई झ्याक कापती ही!” तात्या म्हणाले. करवत त्यांनी चहा येईपर्यंत हातातून सोडली नाही.

वर गेल्यावर ताईनं चहा दिला. तात्यांनी घर पाहिलं, भिंतीवरच्या तसबिरी पाहिल्या, बाबांनी केलेलं कपाट उघडून बंद करून पाहिलं. (ते उघडलं. मला हायसं वाटलं.) मग बशी खाली ठेवून म्हणाले, “घर चांगलं हाय. पोरगी तर चांगलीच हाय. पण माजी एक अट हाय.”

मी ताडकन उठले. अट! शेवटी आली ना अट! हुंड्यावरचं माझं सगळं वाचन उफाळून आलं. मी बाजारू विवाहसंस्थेपासून सुरुवात केली, मुलगी म्हणजे वस्तू नव्हे इथपर्यंत आले, ‘एक दमडीही मिळणार नाही’ असं सांगून मूठ वर केली. ताई डोळे मिटून बसली होती.

“झालं?” तात्यांनी विचारलं.

“झालं.”

“हुंडा कोण मागतंय?” ते बाबांकडे वळले. “लग्नात सामान मांडायचं, माणसं बसवायची, असलं काय बी काम ह्या धाकटीच्या हाती द्यायचं न्हाई. हीच अट.”

बाबांनी आयुष्यात कुणाची अट मान्य केलेली नाही. “मंजूर!” ते म्हणाले. आई म्हणाली, मंजूर. ताई तर डोळे न उघडताच म्हणाली. दारात उभ्या असलेल्या लेलेकाकांना कुणी विचारलं नव्हतं, तरी तेही म्हणाले. आमच्या घरात एकमतानं पास झालेला तो आजवरचा एकमेव ठराव.

लग्न छान झालं. माझ्यावर एकच जबाबदारी सोपवली होती, बसून राहण्याची. खुर्ची ताईनं स्वतः दाखवली आणि ती हलवायची नाही, असंही बजावलं. मी हलवली नाही. फक्त माझ्या रांगेतल्या बाकीच्या जरा सरळ केल्या, तर जेवणाकडे जायची वाट बंद झाली.