फळीवर दिलेला शब्द

दत्तूदादा गेल्याची तार आली तेव्हा मी शाळेत तिसरीच्या मुलांकडून पाढे म्हणून घेत होतो. पाढे पुरे झाल्यावरच मी घरी गेलो. याला महिना झाला. चुलतभाऊ म्हणून त्याच्या स्मरणिकेत मीही चार ओळी लिहाव्यात, असा आग्रह चालू आहे. त्याच्या वकिलीबद्दल, दिलदारपणाबद्दल बाकीच्यांनी भरभरून लिहिलंच आहे. मी त्याला या सगळ्यांच्या आधीपासून ओळखत होतो... आणि मला तो कधीच आवडला नाही.

नागावात आमची दोन्ही घरं एकाच वाडीत. खेळही तिथेच. वडाच्या पारंब्यांना लोंबकळून झोके घ्यायचे, रहाटाच्या उंच पाटाच्या कडेवरून तोल सांभाळत विहिरीपर्यंत जायचं. दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, पण या खेळांत मी त्याला कधी पुढे जाऊ दिलं नाही. म्हणून त्याचा लाडका खेळ फळीचा. आडव्या पडलेल्या माडाच्या खोडावर जुन्या होडीची लांब फळी टाकायची, दोघांनी दोन टोकांना बसायचं आणि वरखाली व्हायचं. त्यात चपळाई लागत नाही, वजन लागतं, आणि ते दादाकडे भरपूर होतं. खालचा गडी पाय रोवून बसला की वरच्याची सुटका नाही. मग खालच्याने विचारायचं, "काय देशील?" वरचा जे कबूल करील ते त्याला द्यावंच लागे. फळीवर दिलेला शब्द फिरवणाऱ्याला पुन्हा कुणी खेळात घेत नसे. माझ्या गोट्या, पतंग, नवाकोरा भोवरा, सगळं याच वाटेने त्याच्याकडे गेलं.

वीस-एकवीस सालची गोष्ट असेल, मी दहा वर्षांचा होतो. मुंबईच्या काकांचा निरोप आला, की घरातल्या एका मुलाला इंग्रजी शाळेत घालतो, पाठवून द्या. अभ्यासात मी बरा, म्हणून माझं नाव निघालं. दुसऱ्याच दिवशी दादाने मला फळीवर बोलावलं आणि मी गाढवासारखा गेलो. ऊन कलेपर्यंत त्याने मला वर धरून ठेवलं. मध्येच मुद्दाम फळी हलवायचा.

"काय देशील?"

"भोवरापन तू घेतलास, आता काय उरलंय?"

"भोवरा माझाच हाय. मुंबई दे."

मी खाली बघितलं. फळी पुन्हा हलली.

"मी मुंबईला जानार न्हाय," मी म्हणालो. "तू जा."

फळी हळूच खाली आली. घरी मी सांगितलं, मुंबईला जायच्या बोटीची मला भीती वाटते. वडिलांनी समजावलं, शेवटी मारलंही, पण मी शब्द फिरवला नाही. रेवसला बोटीत चढताना दादाने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. तो वकील झाला, मी गावच्या शाळेत मास्तर. दर मे महिन्यात तो कोट घालून यायचा आणि चारचौघांत माझं इंग्रजी तपासायचा.

यंदा पावसाळा संपल्यावर तो हवापालटासाठी आमच्याकडे आला, छातीच्या दुखण्याने निम्मा झालेला. ओटीवर आरामखुर्चीत बसून असायचा. एका दुपारी मनाचा हिय्या करून मी विचारलं, "दादा, फळीवर तू माझ्याकडून मुंबई मागून घेतलीस, आठवतं?"

त्याने आठवून पाहिलं. खोटं बोलत नव्हता, तेवढं मला कळतं. "काय सांगतोस? मला तर वाटायचं, तुला बोटीचीच भीती." मग हसला. "अरे विठू, पोरांच्या खेळातलं बोलणं कुणी आयुष्यभर धरून बसतं का?"

उत्तर तोंडाशी आलं होतं, पण त्याला खोकल्याची उबळ आली आणि मी पाणी आणायला धावलो. आठवड्याने तो मुंबईला परत गेला.

खुर्ची अजून ओटीवर आहे. येणारेजाणारे तिच्याकडे बघून डोळे पुसतात. बायको म्हणते, आता तुम्ही बसत जा. मी बसत नाही. इतकी वर्षं मी त्याचा राग केला तो एवढ्याच भरवशावर, की मी काय दिलं ते निदान घेणाऱ्याला तरी ठाऊक आहे. त्यालाही ठाऊक नव्हतं. घरच्यांच्या लेखी मी बोटीला घाबरलेला मुलगा. माझे वडील तेच खरं मानून वारले, आणि त्याबद्दल मी दादाला माफ केलेलं नाही.